जमीन हळूहळू बदलते की एका रात्रीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: डोंगर-दऱ्या लाखो वर्षांत सावकाश घडतात असं शाळेत शिकलो, पण एका भूकंपात किनारा वर आला, एका पुरात नदीने पात्र बदललं, असंही वाचतो. मग खरं काय? भूकंप, ज्वालामुखी, पूर, दरड, वादळ यांतली कोणती आपत्ती जमीन सगळ्यात जास्त बदलते? आणि तो बदल टिकतो का? जाता जाता तुम्ही भूकंपाने डोंगर वाढतात का हेही विचारलंय, आणि एखाद्या जागी पूर्वी काय होऊन गेलं ते कसं ओळखायचं, हेही.

मुख्य प्रश्न तीन आहेत, पण गोंधळ एकच आहे. सावकाश होणारे बदल एकीकडे आणि आपत्ती दुसरीकडे, अशी वाटणी आपण मनात करून टाकतो. माझ्या कामात ती वाटणी मला कधी उपयोगी पडली नाही. वर्षानुवर्षं साचत आलेलं काहीतरी एका दिवशी सुटतं, त्या दिवसाला आपण आपत्ती म्हणतो. आणि त्या दिवशी सगळं आटोपत नाही. जमिनीची खरी उलथापालथ पुष्कळदा पुढच्या पाच, दहा, पन्नास वर्षांत होते, जेव्हा बातम्या केव्हाच थांबलेल्या असतात.

आधी माझा कल सांगून टाकते. मी भूरूपशास्त्रात, म्हणजे जमिनीचे आकार कसे घडतात याच्या अभ्यासात, काम करते, त्यातही नद्यांच्या गाळावर. पंचवीस वर्षं पुराच्या पाण्यात बाटल्या बुडवून गाळ मोजला आणि नदीकाठच्या दरडी, म्हणजे काठाच्या मातीच्या उभ्या भिंती, मोजपट्टी लावून कागदावर उतरवल्या. त्यामुळे माझं उत्तर गाळाकडे झुकणार. ज्वालामुखीवर काम करणारा माणूस याच गोष्टी वेगळ्या क्रमाने सांगेल आणि तोही चुकीचा नसेल.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कोसळलेल्या उतारावर मी अहवाल लिहिला. कारण म्हणून एका ओळीत लिहिलं, "अतिवृष्टी". वरिष्ठांनी तो वाचून एवढंच विचारलं, "याहून मोठा पाऊस याच उतारावर आधी पडलाय. तेव्हा का नाही कोसळला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अहवाल परत आला, मी परत उतारावर गेले. खडकावर मातीचा जो थर होता तो आधीच्या मोठ्या पावसाच्या वेळी पातळ असणार. त्यानंतर खडक कुजत राहिला, माती वाढत गेली, झाडांची मुळं खडकाच्या फटीपर्यंत पोचेनाशी झाली. पावसाने फक्त शेवटचं काम केलं. तेव्हापासून कुठलीही आपत्ती पाहिली की मी पहिल्यांदा विचारते, इथे काय साचत होतं आणि किती वर्षं?

भूकंपात साचतो तो ताण. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर हॅरी फील्डिंग रीड यांनी जमिनीची जुनी आणि नवी मोजमापं शेजारी ठेवून पाहिली. भ्रंशाच्या, म्हणजे खडकातल्या त्या लांबलचक जुन्या फटीच्या, दोन्ही बाजूंची जमीन भूकंपाच्या आधीही सरकत होती. फक्त फटीपाशी ती अडकून बसलेली होती. त्यामुळे आजूबाजूचा खडक वेताच्या छडीसारखा वाकत गेला. अडकलेली जागा सुटली तेव्हा छडी सरळ झाली आणि काही ठिकाणी कुंपणं पाच-सहा मीटर बाजूला गेलेली दिसली. हिमालयात आज उपग्रहांच्या मदतीने मोजलं तर दर वर्षी साधारण दोन सेंटीमीटर अंतर आवळलं जातं. नखंसुद्धा याहून भरभर वाढतात. पण फट दोनशे वर्षं अडकून राहिली तर चार मीटरचं देणं साचतं, आणि ते मिनिट-दोन मिनिटांत फेडलं जातं. आता सांगा, हा बदल सावकाश की अचानक?

उतारावर साचते ती सुटी माती आणि कुजलेला खडक. इथे एक समजूत दुरुस्त करते, कारण ती जवळजवळ सगळ्यांची असते. पाण्याने माती बुळबुळीत होते आणि म्हणून घसरते, असं लोक म्हणतात. मुख्य कारण वेगळं आहे. उतारावरची माती खालच्या खडकाला वजनाने दाबून धरते आणि त्या दाबामुळे घर्षण टिकतं. पाऊस मुरला की मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, ते पाणी कणांना आतून रेटतं, आणि कणांची एकमेकांवरची पकड सैल होते. वजन तेवढंच राहतं, किंबहुना वाढतं, पण घर्षण घटतं. म्हणून एका तासाच्या मुसळधार सरीपेक्षा सलग चार दिवस मुरलेला पाऊस पुष्कळदा जास्त घातक ठरतो. हे सगळीकडे लागू नाही. वणव्यात जळालेल्या उताराचं उलट असतं: जळक्या मातीचा वरचा थर पाणी आत शिरू देत नाही, त्यामुळे थोडक्या वेळाची जोरदार सरच सगळी राख-माती खरवडून खाली आणते. कॅलिफोर्नियात डिसेंबर २०१७ मध्ये मोठा वणवा पेटला आणि ९ जानेवारी २०१८ ला माँटेसिटो गावावर चिखल-दगडांचा लोंढा आला, तो असाच.

ज्वालामुखीत साचतो तो वायू. शिलारस वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि विरघळलेले वायू बुडबुडे होऊन बाहेर पडू पाहतात. रस पातळ असेल, बेसॉल्टचा असेल, तर वायू सहज निसटतो आणि लाव्हा नुसता वाहत जातो. रसात सिलिका जास्त असेल तर तो चिकट असतो, वायू कोंडतो आणि स्फोट होतो. म्हणून हवाईतला किलाउआ २०१८ मध्ये महिनोन् महिने लाव्हा ओतत राहिला आणि त्याने समुद्रात साडेतीन चौरस किलोमीटरच्या आसपास नवी जमीन जोडली. फिलिपिन्समधला पिनाटुबो मात्र पाचेकशे वर्षं गप्प बसून १९९१ मध्ये फुटला आणि स्वतःचंच शिखर गमावून बसला. दोघेही ज्वालामुखीच, एकाने जमीन वाढवली, दुसऱ्याने डोंगराचा माथा घालवला.

आणि नदीत साचतो तो गाळ. याचं नेपाळमधून बिहारात उतरणाऱ्या कोसी नदीइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमधल्या कुसहापाशी कोसीने बांध फोडला आणि ती सुमारे १२० किलोमीटर पूर्वेला, आपल्या जुन्या वाटेवर जाऊन वाहू लागली. तेव्हा सगळ्यांनी महापूर म्हटलं. पण त्या दिवशी नदीत पाणी होतं साधारण १.४४ लाख क्युसेक, आणि ते बांध घातले होते ९.५ लाख क्युसेकसाठी. क्षमतेच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी पाण्यात बांध गेला. हिमालयातून येणारी रेती-माती दोन बांधांच्या मध्ये अर्धशतकभर साठत राहिली, पात्र आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच झालं. नदी उंचावर आणि गावं खाली, असं झालं की पाण्याला फक्त एक कमकुवत जागा लागते. देखभालीतली हयगय हा त्यातला वेगळा आणि मोठा विषय आहे, तो इथे सोडते. पण बांध नसतानाही कोसी हेच करत आली होती: गेल्या दोन-अडीचशे वर्षांत ती शंभराहून जास्त किलोमीटर पश्चिमेकडे सरकली आणि जाता जाता पंख्याच्या आकाराचं प्रचंड गाळमैदान पसरत गेली. चीनमधल्या पीत नदीने १८५५ मध्ये असंच केलं. शांतुंग द्वीपकल्पाच्या दक्षिणेला समुद्राला मिळणारी नदी उत्तरेला जाऊन मिळू लागली. तीस्ता १७८७ च्या पुरात गंगेकडचा रस्ता सोडून ब्रह्मपुत्रेला मिळाली.

इथवरचं एका वाक्यात सांगायचं तर आपत्तीचा आकार हा शेवटच्या धक्क्यावर कमी आणि साठ्यावर जास्त ठरतो. छोटा धक्का मोठा साठा सोडवू शकतो. साठाच नसेल तर मोठा धक्काही फारसं काही करत नाही.

आता भूकंपाने डोंगर वाढतात का, याबद्दल. तुम्ही प्रश्नात हे जाता जाता लिहिलंय, पण मला सगळ्यात रस याच भागात आहे.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. उपग्रहांनी मोजलं तेव्हा काठमांडूच्या आसपासची जमीन सुमारे एक मीटर वर आलेली होती. पण उत्तरेकडची उंच हिमशिखरं? ती खाली बसली होती, काही ठिकाणी अर्ध्या मीटरहून जास्त. दोन भूकंपांच्या मधल्या शांत काळात नेमकं उलट चालतं: खडक दाबला जातो तसतशी उंच रांग हळूहळू वर उचलली जाते. भूकंपात त्यातलं बरंचसं परत जातं आणि जे शिल्लक उरतं तेवढी डोंगराची वाढ. जपानच्या २०११ च्या भूकंपात ओशिका द्वीपकल्प पाच मीटरहून जास्त पूर्वेला सरकला आणि मीटरभर खाली गेला. त्यानंतर तो किनारा पुन्हा वर येतो आहे. म्हणजे भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी घेतलेलं माप हे अंतिम माप धरू नका. जमीन मागेपुढे हालत असते, तुम्ही कुठल्या क्षणी पट्टी लावता यावर आकडा ठरतो.

दुसरी गोष्ट याहून मजेशीर आहे. १२ मे २००८ ला चीनच्या वेनचुआन भागात मोठा भूकंप झाला. खालून रेटा येऊन डोंगर उचलला गेला आणि त्याच हादऱ्यांनी हजारो दरडी कोसळून डोंगर झिजलाही. मग प्रश्न आला की जमा किती आणि खर्च किती. पहिल्या अंदाजात दरडींचं घनफळ उचललेल्या खडकाच्या दुप्पट ते पाच-सहापट निघालं, म्हणजे भूकंपाने डोंगर बांधण्याऐवजी पाडला. नंतर दरडींची खोली अधिक काटेकोर मोजली तेव्हा दोन्ही बाजू जवळपास बरोबरीत आल्या. माझ्या मते इथे आकड्यांपेक्षा दुसरी बाब महत्त्वाची आहे. कोसळलेला माल डोंगरातून बाहेर गेलेला नसतो. तो उतारांच्या पायथ्याशी आणि ओढ्यांत पडून असतो. नदी जोवर तो वाहून नेत नाही, तोवर डोंगर हलका झालाय असं म्हणता येत नाही. खर्च मंजूर झालाय, पैसे अजून गेलेले नाहीत, असा प्रकार.

आणि म्हणूनच मी म्हणते की आपत्तीची शेपूट पाहा, म्हणजे नंतर वर्षानुवर्षं चालत राहणारे परिणाम.

१५ ऑगस्ट १९५० ला आसाम-तिबेट सीमेवर ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगरातल्या दरडींनी नद्या अडवल्या; सुबनसिरीवरचा बांध काही दिवसांनी फुटून खाली पूर आला. हे सगळं त्याच महिन्यातलं. पण दरडींचा गाळ ब्रह्मपुत्रेत उतरायला वर्षं लागली. दिब्रुगढपाशी नदीचा तळ सुमारे तीन मीटर वर आला. तळ वर आला की पाण्याला जागा उरत नाही, मग नदी काठ खाते आणि रुंद होते. दिब्रुगढ शहराचा काठ गेला, माजुलीचं बेट झिजत राहिलं. तिथल्या माणसाला विचारलं तर तो पुराबद्दल आणि धुपीबद्दल बोलेल, भूकंपाचं नावही कदाचित घेणार नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ना, तसं होतं: हादरा एका जागी, उपाय त्याच जागी, आणि त्रास शेकडो किलोमीटर खाली दहा वर्षांनी.

शेपूट किती लांब असेल, हे ठरतं सुट्या मालाचा साठा किती आणि नदीची ताकद किती यावर. तैवानमध्ये २१ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपानंतर नद्यांच्या पाण्यातला गाळ काही पटींनी वाढला आणि सहाएक वर्षांत पूर्ववत झाला. तिथे उतार तीव्र, वादळं जवळपास दरवर्षीची, नद्या दमदार. म्हणून निचरा लवकर झाला. कोरड्या प्रदेशात तेवढाच माल शतकभरही पडून राहिला असता.

अमेरिकेतला सेंट हेलेन्स पर्वत १८ मे १९८० ला फुटला तेव्हाची गोष्टही ऐका. आधी ५.१ तीव्रतेचा धक्का बसला, एरवी किरकोळ म्हणावा असा. पण आत शिरलेल्या शिलारसाने डोंगराची उत्तर बाजू दोन महिने फुगत होती, ती बाजूच सुटली. अडीच घन किलोमीटर डोंगर खाली आला. नोंदलेल्या इतिहासात जमिनीवर एवढी मोठी दरड दुसरी नाही. डोक्यावरचं झाकण गेल्यावर कोंडलेला वायू आडवा फुटला. शिखर २,९५० मीटरवरून २,५४९ मीटरवर आलं. टूटल नदीचं खोरं सरासरी पंचेचाळीस मीटर जाड राडारोड्याने भरलं. हे सगळं एका सकाळचं. त्यानंतर टूटल नदीने त्या राडारोड्यात नवी पात्रं कोरायला घेतली आणि इतका गाळ खाली सोडला की तो अडवायला १९८९ मध्ये खास बांध पुरा करावा लागला. पुढे तोही भरत आला म्हणून त्याचा सांडवा उंच करावा लागला. चाळीस वर्षं उलटली तरी त्या नदीचं काम संपलेलं नाही.

पिनाटुबोचं तर विचारूच नका. उद्रेक संपला, पण डोंगरउतारांवर राखेचे जाड थर पडून होते. दर पावसाळ्यात ती राख पाण्यात मिसळून ओल्या सिमेंटसारखी वाहायची. याला लहार म्हणतात. बाकोलोर गावातलं जुनं चर्च १९९५ मध्ये, उद्रेकानंतर तब्बल चार वर्षांनी, निम्म्या उंचीपर्यंत गाडलं गेलं. लोकांनी पुढे खिडक्यांचेच दरवाजे केले.

आता तुमचा "सगळ्यात जास्त कोण" हा प्रश्न. इथे एक इशारा द्यावासा वाटतो. मृतांचा आकडा पाहून जमिनीतल्या बदलाचा अंदाज बांधू नका, दोन्हींचा संबंध फार सैल असतो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप हजारो माणसं घेऊन गेला, कारण दगड-मातीची जड घरं झोपेतल्या माणसांवर पडली. जमिनीवर उमटलेला उंचवटा मात्र मीटरभरही नव्हता. उलट १४ नोव्हेंबर २०१६ ला न्यूझीलंडच्या कैकौराला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, वीसहून अधिक भ्रंश एका दमात सुटले, शंभरेक किलोमीटरचा किनारा वर आला, एरवी पाण्याखाली असणारे खडक आणि शिंपले उघडे पडले; माणसं दगावली दोन. आणि विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा ज्वालामुखी उद्रेक, अलास्कातला नोव्हारुप्टा, १९१२ चा. तीन दिवसांत अख्खी दरी राखेने भरली, आसपास वस्ती जवळजवळ नव्हती, आणि बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं.

फक्त जमिनीचा हिशेब करायचा तर उत्तर परिस्थितीवर आहे, आणि मी हे टाळाटाळ म्हणून सांगत नाही. १९६० मध्ये वोल्मन आणि मिलर या दोन अभ्यासकांनी एक साधा विचार मांडला, तो आमच्या शाखेत अजून रोज वापरात आहे. एखादी घटना एका वेळी किती काम करते, याला ती किती वेळा घडते याने गुणा. प्रचंड पूर खूप माल नेतो, पण शतकातून एकदा येतो. दर दीड-दोन वर्षांनी पात्र काठोकाठ भरणारा मध्यम पूर मात्र गुणाकारात पुष्कळदा पुढे जातो. मातीच्या, सपाटीवरच्या नद्यांमध्ये हे मी स्वतः मोजून पाहिलंय आणि ते बऱ्याच अंशी खरं निघतं.

पण याला मर्यादा आहे, आणि ती दगडाच्या आकाराची आहे. वाहत्या पाण्याला हलवता येईल अशा सर्वांत मोठ्या दगडाचं वजन साधारणपणे वेगाच्या सहाव्या घाताने वाढतं, असा जुना नियम आहे. वेग दुप्पट झाला की चौसष्टपट जड दगड हलू शकतो. म्हणजे पात्रात घराएवढ्या शिळा असतील तर मध्यम पूर हजार वेळा येऊन गेला तरी त्या जागच्या हलणार नाहीत. तिथे एकच महाकाय पूर काय तो बोलतो. अमेरिकेच्या वायव्येला कोरड्या दऱ्यांचा आणि उघड्या बेसॉल्टचा एक विचित्र प्रदेश आहे. जे. हार्लन ब्रेट्झ या भूशास्त्रज्ञांनी १९२३ पासून सांगायला सुरुवात केली की हे सावकाश वाहणाऱ्या नदीचं काम नाही, इथून अवाढव्य पूर गेलाय. सावकाश बदलाच्या विचारात वाढलेल्या भूशास्त्रज्ञांनी त्यांना अनेक वर्षं उडवून लावलं. हिमयुगात बर्फाच्या बांधाने अडलेलं मिसुला सरोवर पुन्हा पुन्हा फुटत होतं, हे हळूहळू मान्य झालं, आणि १९७९ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, ब्रेट्झना पेनरोज पदक हा भूशास्त्रातला मोठा सन्मान मिळाला. तुम्ही शाळेत जे शिकलात ते त्याच जुन्या वादाचं उरलेलं टोक आहे. सावकाश बदलवाले पूर्ण चुकीचे नव्हते. त्यांनी "सावकाश" याचा अर्थ "रोज सारखं" असा घेतला, तिथे घोटाळा झाला.

तरीही क्रम लावाच म्हणालात तर माझा असा लागेल. उंच डोंगराळ भागात भूकंप आणि त्याने सैल केलेल्या दरडी. गाळाच्या मैदानात पात्र बदलणारा पूर. सखल किनाऱ्यावर वादळ. ज्वालामुखी असेल तिथे ज्वालामुखीच, पण तो थोड्या जागी असतो. दुष्काळाला या यादीत लोक धरत नाहीत, मी धरते: झाडोरा गेला की पुढच्या पावसाला जमीन उघडी सापडते.

बदल टिकतो का, हे मी काही जागा सांगून दाखवते, कारण याचा एकच नियम मला सापडलेला नाही.

आइसलँडजवळ १९६३ मध्ये समुद्रातून सुर्त्सी नावाचं बेट वर आलं. १९६७ पर्यंत ते २.६५ चौरस किलोमीटर झालं. उद्रेक थांबताच लाटांनी कुरतडायला सुरुवात केली आणि आता ते निम्म्याच्या आसपास उरलंय. सुट्या राखेचा भाग भराभर गेला, घट्ट लाव्ह्याचा गाभा तग धरून आहे. बंगालच्या उपसागरात १९७० च्या वादळानंतर गाळाचं एक बेट दिसू लागलं, न्यू मूर किंवा दक्षिण तालपट्टी. भारत आणि बांगलादेश त्यावरून वर्षानुवर्षं भांडत होते. २०१० पर्यंत ते समुद्रात नाहीसं झालं. कच्छच्या रणात १६ जून १८१९ च्या भूकंपाने सुमारे ऐंशी किलोमीटर लांबीचा उंचवटा उठला, काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत. माणसाने बांधलेला नाही म्हणून लोकांनी त्याला अल्लाहबंद नाव दिलं. त्याच्या दक्षिणेला सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. सातच वर्षांत, १८२६ मध्ये, सिंधूच्या पुराने तो बंद एका ठिकाणी चिरला, पण उंचवटा आजही दिसतो.

दरडींनी अडलेल्या पाण्याची गत तर आणखी वेगळी. असे बहुतेक बांध वर्षभराच्या आत फुटतात. गढवालात बिरही गंगेवर १८९३ मध्ये दरड पडून गोहना ताल झाला, त्याचं बरंचसं पाणी पुढच्याच वर्षी सुटलं आणि उरलेला तलाव १९७० च्या पुरात संपला. पण ताजिकिस्तानात १९११ च्या भूकंपात पडलेल्या दरडीने मुरगाब नदी अडवली, तो उसोईचा बांध साडेपाचशे मीटरहून उंच आहे आणि त्यामागचं सारेझ सरोवर अजून जागेवर आहे. फरक कशात? दरडीच्या जाडीत, शिळांच्या आकारात, आणि पाणी वरून ओसंडतं की आतून पाझरून जातं यात. उसोईत ते पाझरतं.

मला सगळ्यात आवडती जागा तैवानमधली दाआन नदी. १९९९ च्या भूकंपात तिच्या वाटेत जमीन दहाएक मीटर वर उचलली गेली. नदीने काही वर्षांत त्या खडकात चांगली खोल घळ कोरली. आम्ही सगळे नवी घळ बघून हरखलो. मग लक्षात आलं की वरच्या बाजूला नदी रुंद होऊन घळीच्या भिंती कडेने कापते आहे, वर्षाला सतराएक मीटर या वेगाने. हिशेब केला तर पन्नासेक वर्षांत अख्खी घळ पुसली जाणार. हजार वर्षांनी तिथे जाणाऱ्या भूशास्त्रज्ञाला सपाट पात्र दिसेल, आणि इथे कधी काही घडलं होतं असा संशयही येणार नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की एखाद्या जागी पूर्वी काय होऊन गेलं ते कसं ओळखायचं. मी तीन गोष्टी पाहते: नदीकाठच्या उभ्या दरडीत मातीचे थर कुठे अचानक बदलतात, जिथे असायला नको अशा ठिकाणी मोठे दगड आहेत का, आणि झाडं काय सांगतात. भ्रंशावर चर खणला तर तुटलेले थर सरळ दिसतात, आणि त्यातल्या कोळशाच्या कणांवरून वय काढता येतं. झाडांबद्दल एक उदाहरण देते. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर खाडीच्या चिखलात देवदारासारख्या झाडांची वठलेली खोडं उभी आहेत. खाऱ्या पाण्यात ही झाडं वाढत नाहीत, म्हणजे ती वाढली तेव्हा जमीन उंच होती आणि नंतर एकदम मीटर-दोन मीटर खाली बसली. मुळांभोवतीच्या जुन्या मातीवर वाळूचा एक पातळ थर आहे, तो त्सुनामीने आणून टाकलेला. मुळांतली वर्षवलयं मोजल्यावर कळलं की झाडं १६९९ च्या उन्हाळ्यानंतर आणि १७०० च्या वाढीच्या हंगामाआधी मेली. इकडे जपानच्या जुन्या दप्तरांत जानेवारी १७०० मध्ये भूकंपाशिवाय आलेल्या त्सुनामीची नोंद पडून होती. लाटेला महासागर ओलांडायला लागणारा वेळ वजा केला आणि तारीख निघाली: २६ जानेवारी १७००, रात्री नऊच्या सुमारास.

तुमच्या माहितीतली एखादी जागा मनात असेल तर तिथल्या नदीकाठच्या दरडीचा फोटो पाठवा, पट्टी किंवा हातोडा शेजारी ठेवून. आणि शक्यतो एकाच दरडीचा नको, पाच-सहा ठिकाणचे पाठवा. एका ठिकाणचा वाळूचा थर साध्या पुराचाही असू शकतो. तोच थर त्याच पातळीवर किलोमीटरभर सापडला तर मग बोलता येईल.